बिनआकड्याचं पान

देव आहे की नाही यावर यवतमाळ जिल्ह्यात आजवर पुष्कळांनी वाद घातला असेल, पण ‘आहे असं कोणी म्हटलं, कुठं म्हटलं आणि कोणत्या पानावर?’ असं भर कीर्तनात उभं राहून विचारणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा लागतो. बुवांचे टाळ हातातच राहिले, मृदंगवाला घाम पुसू लागला, आणि पुढच्या रांगेतल्या बायांनी मामींकडे अशा नजरेनं पाहिलं की मामींनी पदर सावरून थेट घरचा रस्ता धरला. मामांना देवाबद्दल तसूभरही शंका नव्हती. त्यांना फक्त संदर्भ हवा होता, आणि तो बुवांनी पुढच्या वर्षी आणून द्यायचं कबूल केल्यावर ते शांतपणे खाली बसले. बुवा पुढच्या वर्षी आले नाहीत.

मामा दिग्रसच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. त्यांचं घर कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या मागे आहे. हंगाम सुरू झाला की रुईचे तंतू उडत येतात आणि त्यांच्या ओसरीवर, चष्म्यावर आणि पुढ्यात पडलेल्या प्रबंधांवर बसतात. प्रबंध तिथे बारमाही पडलेले असतात, कारण आमच्या भागात पीएच.डी. करणारा माणूस, त्याचा मार्गदर्शक कोणीही असो, शेवटी मामांच्या ओसरीवर येतो. संदर्भ, तळटिपा आणि संदर्भसूची ही तीन खाती मामांनी आपणहून स्वतःकडे घेतली आहेत. कोणी दिलेली नाहीत, आणि त्याबद्दल कोणाकडून काही घेणं तर दूरच, उलट येणाऱ्याला चहा ते स्वतःच्याच घरचा पाजतात. मामा स्वतः डॉक्टर नाहीत. तरुणपणी नाव नोंदवलं होतं, पण पहिल्याच वाक्यात ‘प्राचीन काळापासून’ असे शब्द आले, आणि हा काळ नक्की कधीपासून धरायचा हे शोधता शोधता नोंदणीची मुदत संपली.

पुस्तक हाती आलं की मामा ते मागून उघडतात. आधी संदर्भसूची, मग तळटिपा, आणि डोळ्यांत ताकद उरली तर मजकूर. लग्नपत्रिका आली तरी ते आधी तळाशी छापखान्याचं नाव बघतात आणि मग सरकत सरकत नवरानवरीपर्यंत पोचतात. अर्पणपत्रिका, मनोगत, ऋणनिर्देश वगैरे सुरुवातीची पानं ते कधीच वाचत नाहीत. मी एकदा कारण विचारलं होतं. ‘त्या पानायले आकडे नसतेत, जवाईबापू,’ ते म्हणाले, ‘ज्या पानाले आकडा नाई त्याचा हवाला कसा देता? अन् ज्याचा हवाला देता येत नाई ते वाचायचं कायले?’ मला हे त्या वेळी फार पटलं होतं. मला मामांचं सगळंच पटतं, कारण न पटल्याचं सांगितलं तर पुराव्यानिशी सांगावं लागतं.

एकदा दिग्रसच्या स्टँडवर आम्ही पुसदच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारचा एक माणूस म्हणाला, आज गाडी रद्द आहे. मामांनी विचारलं, कोणी सांगितलं? त्यानं पानठेल्याकडे बोट दाखवलं. पानठेलेवाल्यानं रसवंतीवाल्याचं नाव सांगितलं, रसवंतीवाल्यानं एका कंडक्टरचं, आणि तो कंडक्टर कॅन्टीनमध्ये आलूबोंडा खाताना सापडला. तो म्हणाला, मी कालच्या गाडीबद्दल बोललो होतो. मामा विजयी चेहऱ्यानं परत आले तेव्हा आजची गाडी येऊन, भरून, निघून गेली होती. ‘पाह्यलं?’ मामा मला म्हणाले, ‘दुय्यम साधनावर इश्वास ठेवला की असं होते.’ आम्ही संध्याकाळपर्यंत त्याच बाकावर बसलो.

घरातही तेच. मामींनी ‘भाजी काय करू?’ असं विचारलं की मामा वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणतात, ‘तत्रैव.’ म्हणजे कालचीच. तळटिपांमधला हा शब्द मामींना लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकावा लागला, आणि मला वाटतं, साऱ्या विदर्भात तो स्वयंपाकघरात वापरणारं हे एकच घर असावं. प्रबंधातलं वाक्य पटलं नाही तर मामा ते खोडत नाहीत, कोणाला चूक म्हणत नाहीत. समासात लाल पेन्सिलीनं एक बारीकसं प्रश्नचिन्ह काढतात. ते विळ्यासारखं दिसतं म्हणून विद्यार्थी त्याला विळाच म्हणतात. आमच्याकडे दोन प्राध्यापक भेटले की एक दुसऱ्याला विचारतो, ‘काय मंग, किती विळे पडले?’ आणि दुसरा कपाळाला हात लावतो.

आता माझ्याबद्दल सांगतो, कारण या साऱ्यात हसण्याजोगा माणूस खरं तर मीच आहे. मी आर्णीच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. शिकवता शिकवता केस गेले, पण नावामागे डॉक्टर लागलं नाही, म्हणून उशिरा का होईना नोंदणी केली. विषय घेतला कापसाच्या शेतीतल्या वऱ्हाडी शब्दांचा. शेतकऱ्याच्या घरात वाढलेला मी, मला वाटलं, हे तर घरचंच पीक आहे. पहिल्या प्रकरणात मी मोठ्या आत्मविश्वासानं लिहिलं, ‘पऱ्हाटी म्हणजे कापसाचे झाड.’ मामांनी तिथे विळा काढला.

‘कोण म्हणते?’ त्यांनी विचारलं.

‘मीच म्हणतो, मामा. सगळेच म्हणतात.’

‘तुम्ही कोण, जवाईबापू?’ मामा अतिशय अदबीनं म्हणाले, आणि माझ्यापुढे पोह्यांची बशी सरकवली.

इथे माझी पंचाईत वेगळीच होती. बाकीच्या विद्यार्थ्यांना मामा नुसतं झोडपत. मी पडलो जावई, त्यामुळे मला आधी ओवाळल्यासारखं खाऊ घालायचं आणि मग झोडपायचं, अशी रीत होती. मामी पोह्यांवर खोबरं पेरत असताना मामा माझ्या तळटिपांची सालं काढत. माझं वजन आणि माझा प्रबंध असे दोन्ही एकाच ओसरीवर वाढले, आणि वजन जास्त वेगानं वाढलं.

पऱ्हाटीसाठी शेवटी मी माझ्या वडिलांची रीतसर मुलाखत घ्यायचं ठरवलं. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, ‘बाबा, पऱ्हाटी म्हणजे काय?’ वडिलांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आईला हाक मारून म्हणाले, ‘अवं, पाह्य वं याले! लहानपणी तू याले पऱ्हाटीच्या धुऱ्यावर झोपवून वेचनी करे, अन् हा आता मले इचारून राह्यला पऱ्हाटी म्हणजे काय! याले कॉलेजात पगार कोन देते?’ हे सगळं रेकॉर्ड झालं. मामांनी ते ऐकलं आणि म्हणाले, ‘याले म्हणते प्राथमिक साधन.’ माझ्या प्रबंधातली पहिली तळटीप तीच आहे. पगाराचा भाग मी गाळला, तर मामांनी तिथे तीन टिंबं द्यायला लावली.

असं करत करत माझी मुदत दोनदा वाढवून झाली. तिसऱ्यांदा मिळालेली वाढ नोव्हेंबरअखेर संपत होती. त्यानंतर नोंदणीच रद्द होणार होती, आणि मी आर्णीत निवृत्तीपर्यंत ‘ते पीएच.डी. करून राह्यलेले सर’ म्हणून ओळखला जाणार होतो. माझे मार्गदर्शक स्वतः कधीकाळी मामांच्या विळ्यांखालून गेलेले. ते म्हणाले, ‘तुमच्या मामांचं “पाहिलं” आलं की मी लगेच सही करतो, त्याच्या आधी नाही.’ मामांचं ‘पाहिलं’ म्हणजे एका चिठोऱ्यावर लिहिलेला तेवढाच एक शब्द. त्या एका शब्दावर माझी सगळी वर्षं अडली होती.

हल्ली प्रबंध सादर करण्याआधी तो एका सॉफ्टवेअरमधून काढावा लागतो. कुठून काही उचललेलं असेल तर तेवढा मजकूर ते लाल करून दाखवतं. माझा अहवाल आला तो बघून मी हरखलोच. प्रकरणांमागून प्रकरणं स्वच्छ. कॉलेजातल्या मित्रांना पेढे वाटले आणि तसाच दिग्रसला जाऊन अहवाल मामांच्या हातात दिला. मामा तो नेहमीप्रमाणे मागून चाळू लागले. सूची स्वच्छ, प्रकरणं स्वच्छ. पानं उलटत ते सुरुवातीला आले आणि थांबले. तिथलं एक पान अथपासून इतिपर्यंत लालभडक होतं.

‘हे कोणतं पान होय?’

‘ऋणनिर्देश आहे, मामा. तुम्ही वाचत नाही ते.’

‘मंग लाल काहून हाये?’

आणि मामांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाचा तरी ऋणनिर्देश वाचायला घेतला. मोठ्यानं वाचला. ‘सरांनी माझ्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला, हे तू कुठून आणलंस? कधी राग आला, कधी रडू आलं. पण त्यांनी मला पोटच्या लेकीप्रमाणे वागवलं, आणि त्यांच्या ओसरीवर बसून मी लिहायला शिकलो.’ मामांनी चष्मा काढला. माझ्या टकलापासून मिशीपर्यंत आणि मिशीपासून पोटापर्यंत सावकाश पाहिलं.

‘जवाईबापू, मी तुम्हाले पोटच्या लेकीसारखं वागवलं?’

‘म्हणजे… भावना तशीच होती, मामा.’

‘कवा?’

स्वयंपाकघरात मामींच्या हातून झारा पडल्याचा आवाज आला. मग मला सगळं सांगावंच लागलं. प्रबंध लिहून जीव मेटाकुटीला आला होता, आभार लिहायला शब्द उरले नव्हते. माझ्या कॉलेजातल्या अर्थशास्त्राच्या मित्राच्या प्रबंधात मामांचेच आभार होते, तेच उतरवले. ‘शिकले’चं ‘शिकलो’ केलं, तेवढं माझं स्वतःचं संशोधन. ज्या माणसानं मला वर्षानुवर्षं उचलेगिरी करू नको म्हणून शिकवलं, त्याचे आभार तेवढे मी उचलून आणले होते. मी खाली मान घालून बसलो. मामा आता रागावतील, निदान पोहे तरी काढून घेतील असं वाटलं.

पण मामांचे डोळे लकाकत होते. ‘मूळ कोणाचं हाये?’ त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मामा, कोणाचंही असो, ते पान फाडतो, पाच मिनिटांत दुसरं लिहितो, महिना संपत आलाय. मामांनी मान हलवली. ‘पान फाडलं त चोरी लपते, जवाईबापू, सुधरत नाई. मूळ पाह्यल्याबिगर मी काई “पाहिलं” लिवत नाई.’

अर्थशास्त्राच्या मित्राला फोन लावला. तो सोयाबीनच्या बाजारभावावर डॉक्टर झालेला. तो म्हणाला, ‘कोणतं पान? मी त वाचलंच नाई ते. दिग्रसच्या टायपिंगवाल्यानं टाकून देलं.’ म्हणजे त्याच्याही प्रबंधात लेकच होती, आणि त्याची दाढी माझ्या मिशीपेक्षा मोठी आहे. मामा आणि मी पायीच टायपिंगच्या दुकानात गेलो. दुकानदार चांगला पिकल्या केसांचा गृहस्थ. मामांना बघून खुर्ची सोडून उभा राहिला. ‘या सर, या! तुमच्या नावाचा पॅराग्राफ माया कॉम्प्युटरात कायमचा तयार हाये. लोक इचारतेत, ऋणनिर्देश टाकाचा का? मी म्हणतो, सरायचा हाये ना, टाकून द्या. लय चालते तो! पुरुषमाणूस असन त लेकीचं लेकरू करा, असं मी सांगत राह्यतो, पण वाचते कोन?’

मामांनी विचारलं, पहिल्यांदा कोणी टाइप करून घेतला? दुकानदाराला आठवायची गरज पडली नाही. त्याच्या दुकानातला तो पहिलाच प्रबंध होता. ‘फुलसावंगीच्या मॅडम होत्या ना, सर, त्यायचा. अजून एक ओळ होती त्याच्यात. मजकूर दुसऱ्या पानावर जाये म्हून नंतरच्या लोकायसाठी म्या ते उडवली.’ ती ओळ काय होती ते मात्र त्याला सांगता येईना.

दुकानाबाहेर येऊन मामा रस्त्याच्या कडेला उभे राहिले. समोरून कापसाच्या गाड्या मार्केटकडे चालल्या होत्या. ‘पोरगी होती एक,’ ते म्हणाले, ‘तांड्यावरची. तिच्या तांड्यात एवढं शिकलेली पयलीच. दोनेक वर्सं आमच्या ओसरीवरच असे म्हणा ना. तुमच्या लग्नाच्या अगोदरची गोष्ट. प्रबंध झाला, डिग्री भेटली, अन् मंग एकदम येनंच बंद केलं तिनं.’ मी विचारलं, का? ‘मालूम नाई,’ मामा म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी ऐकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली. मामी दारात आल्या. कुठं चालले म्हणून विचारलं, मामांनी फुलसावंगीचं नाव घेतलं, आणि मामींचा चेहरा आक्रसला. ‘तिच्याकडं? ज्यायले आपली याद नाई त्यायच्याकडं कायले जाता? मी तिचं नाव घेनं सोडलं त बरंच झालं.’ एवढं बोलून त्या आत गेल्या. जावयाला चहा विचारायचा राहिला, इतक्या त्या मनातून दुखावलेल्या होत्या. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की हा मामला माझ्या लाल पानापुरता उरलेला नाही.

पुसद मागे टाकून आम्ही महागावच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे तूर फुलावर आलेली, पऱ्हाटीत वेचणीच्या बाया वाकलेल्या. मागे बसलेले मामा एरवी रस्ताभर दुकानांच्या पाट्यांचे पुरावे मागतात. त्या दिवशी त्यांनी फक्त एकदा विचारलं, ‘ते घरी असन ना?’

बाई घरी होत्या. ज्युनिअर कॉलेजात शिकवतात, त्या दिवशी सुट्टी होती. पुढच्या खोलीत छताला लागेल एवढा कापूस भरलेला, त्याच्या कडेनं वाट काढून आम्ही आत गेलो. मामांना बघून त्या दचकल्या, मग वाकून पाया पडल्या, पाणी दिलं, आणि परक्या माणसासमोर बसावं तशा खुर्चीच्या टोकावर बसल्या. मामांना प्रस्तावना करता येत नाही. त्यांनी माझं लाल पान त्यांच्यापुढे धरलं.

‘हे तुह्यं हाये काय?’

बाईंनी वाचलं. वर माझं नाव बघितलं, मग मला बघितलं, आणि ‘पोटच्या लेकीप्रमाणे’वर येऊन त्यांना असं हसू फुटलं की पदर तोंडाला लावावा लागला. मीही हसलो. दुसरं करणार काय? मग हसता हसता त्या थांबल्या.

‘सर, तुम्ही हे आत्ता वाचून राह्यले?’

‘काल.’

‘तवा नोतं वाचलं?’

मामांनी नुसती मान हलवली. बाईंनी लाल पान बाजूला ठेवलं. मग हळूहळू सांगू लागल्या. पदवी मिळाली त्या आठवड्यात त्या बांधीव प्रबंध घेऊन दिग्रसला आल्या होत्या, सरांना द्यायला. सरांनी तो हातात घेतला, मागून उघडला, सूची पाहिली, म्हणाले, ‘एका पुस्तकाचं साल राह्यलं,’ आणि मिटून परत दिला. ‘मले वाटलं, समोरचं पान तुम्ही वाचलं, अन् तुम्हाले ते रुचलं नाई. मी तांड्यावरची पोरगी, अन् तुमच्या घरची लेक म्हणून घेतलं. लय झालं माह्यं, असं वाटलं. मंग कोनत्या तोंडानं येऊ, सर?’

मी कापसाकडे बघत बसलो. मामांकडे बघायची मला हिंमत झाली नाही. अशा वेळी काय बोलायचं ते मामांना येत नाही, आणि त्यांना येत नाही हे बाईंना आमच्यापेक्षा चांगलं माहीत असावं, कारण त्या उठल्या, आतून तो प्रबंध घेऊन आल्या आणि मामांच्या मांडीवर ठेवला. मामांनी कव्हर उघडलं. पहिलं पान, दुसरं पान, आणि मग ते पान. त्यांनी ते मनातल्या मनात वाचलं. वाचायला त्यांना फार वेळ लागला. तळाशी ती ओळ होती, टायपिंगवाल्यानं उडवलेली. मामांनी ती बोटानं दाखवली आणि मला म्हणाले, ‘जवाईबापू, उतरवून घ्या. अवतरणचिन्हात. अन् हवाला द्या.’ ते चष्मा पुसत होते, पण सूचना बिनचूक होत्या.

परतताना पुसदला चहा घ्यायला थांबलो. मामा चहाचा कप हातात धरून बसले, प्यायले नाहीत. ‘ते पान उघडलं असतं त काय बिघडलं असतं माह्यं?’ त्यांनी विचारलं. हा प्रश्न मला होता की आणखी कोणाला, ते कळेना. मी म्हणालो, मामा, चहा निवतोय. एवढी वर्षं मराठी शिकवून मला तेवढंच सुचलं.

घरी मामी पाठ करून तांदूळ निवडत बसल्या होत्या. मामांनी चप्पल काढली, बाईंनी बरोबर दिलेला प्रबंध उघडला आणि उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. सगळं वाचलं, प्रत्येक वाक्याला विचारलेला प्रश्न, राग, रडू, पोटची लेक. आणि मग ती ओळ: ‘काकूंनी मात्र मी कुठून आले हे एकदाही विचारलं नाही. त्यांनी आधी ताट वाढलं.’

मामींचे हात थांबले. ‘अजून एकदा वाचा,’ त्या म्हणाल्या. मामांनी पुन्हा वाचलं. मामींनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, ‘असं लिवलं होतं त मंग आली काहून नाई?’

‘मी वाचलंच नोतं,’ मामा म्हणाले. आणि फुलसावंगीला काय कळलं ते सगळं सांगितलं, काही न गाळता, स्वतःला कुठेही न वाचवता.

मामी काही रागावल्या नाहीत. तांदळाचं सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, ‘एवढे वर्सं मी त्या लेकरावर रागावून होती हो.’ आणि मग बराच वेळ त्या पदरानं डोळे पुसत राहिल्या. मी ओसरीवर जाऊन बसलो. थोड्या वेळानं आतून फोन लावल्याचा आवाज आला, मग मामींचा आवाज, आणि फोनच्या स्पीकरमधून ‘याडी’ अशी हाक. त्यांच्या बंजारा समाजाच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात, आणि कागदावर काकू लिहिलं तरी ती पोरगी मामींना तेव्हापासून तेच म्हणायची, हे मला त्या दिवशी कळलं.

माझा प्रबंध मुदतीत गेला. ऋणनिर्देशात बाईंचा मजकूर पूर्णच्या पूर्ण, अवतरणचिन्हात, खाली लेखिकेचं नाव, वर्ष आणि ‘पृष्ठांक नाही’ अशी तळटीप. आभाराच्या पानाला तळटीप असलेला आमच्या विद्यापीठातला तो पहिलाच प्रबंध असावा. त्याखाली माझं स्वतःचं काहीतरी हवं होतं. चार दिवस झटापट केली. तीनशे पानं शब्दांवर लिहिणाऱ्या माणसाला आपला म्हणून एक शब्द सापडेना. शेवटी लिहिलं, ‘मामा-मामी, मी तुमच्या घरी फार खाल्लं.’ मामांनी चिठोऱ्यावर ‘पाहिलं’ लिहिलं, मार्गदर्शकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. मी डॉक्टर झालो. वडिलांनी शेजारच्यांना सांगितलं, पोराला पऱ्हाटी म्हणजे काय ते कळलं एकदाचं.

पुढच्या एका रविवारी बाई दिग्रसला आल्या, बरोबर त्यांची मुलगी होती. बारावीला आहे, मामींपेक्षा हातभर उंच. आम्हीही त्या दिवशी तिथेच होतो. मामींनी त्या मुलीला जवळ बसवलं, तिचा हात हातात घेतला, आणि मग तिच्या आईला एकेक विचारू लागल्या. जन्मली तेव्हा केस होते का? बोलली कधी? पहिल्यांदा काय म्हणाली? पाळणा कुठं बांधला होता? बाई सांगत होत्या. मुलगी लाजून हसत होती, स्वतःबद्दलच्या या गोष्टी तिनंही आधी ऐकल्या नसाव्यात. ती चालायला शिकली ते घरात भरलेल्या कापसात, बाई म्हणाल्या. दोन पावलं टाकायची, कापसात पडायची आणि तिथूनच हात वर करायची, उचला म्हणून. मामींनी त्या उंच मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. बाई थोड्या थांबल्या, आता पुरे झालं असं त्यांना वाटलं असावं.

मामा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, ‘अजून सांग.’